दक्षिणेकडे वात

त्र्यंबकच्या स्टँडवर जव्हारची एसटी लागली आणि माझ्या पुढच्या बाकावर तिघे भाऊ येऊन बसले. तिघांचीही डोकी ताजी भादरलेली, खांद्यावरचे पंचे अजून ओलसर. आदल्या दिवशी कुशावर्तावर वडिलांचं कार्य उरकून ते घरी निघाले होते. धाकट्याच्या मांडीवर तांब्याचा गडू होता, तोंडाला फडकं बांधलेला. गाडी वळणावर कलली की तो दोन्ही हातांनी गडू सांभाळायचा. आश्विन वद्य द्वादशीची सकाळ होती. शहरात या दिवसाला वसुबारस म्हणतात. मी चाललो होतो त्या मोखाड्यात याच दिवसाला वाघबारस म्हणतात.

निघालो होतो यमाचा माग काढायला. दिवाळीचे दिवस मोजून पाहिले तर त्यातले तीन यमाचे आहेत. धनत्रयोदशीचा यमदीप, नरक चतुर्दशीचं यमतर्पण आणि भाऊबीज, जिचं पंचांगातलं नाव यमद्वितीया. तरी दिवाळी म्हटलं की यम कुणाच्या तोंडी येत नाही. माझी आजी तेरसेला संध्याकाळी कणकेचा दिवा करून अंगणात ठेवायची, वात दक्षिणेकडे करायची आणि आत येऊन पाय धुवायची. कुणाचा दिवा असं विचारलं तर म्हणायची, ‘त्याचा.’ त्याच्यापुढे नाव नाही. हा एकच देव असा, ज्याला आपण दरवर्षी दिवा दाखवतो आणि ज्याचं नाव घ्यायला कचरतो. हे असं का, हे मला घराबाहेर पडून पाहायचं होतं. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात पोशेरा नावाचं गाव आहे. तिथल्या एका पाड्यावर मित्राच्या मावशीचं घर. ती दिवाळी तिथे काढायची ठरली.

त्र्यंबकवरून जाण्यात अर्थ होता. गेलेल्या माणसासाठी काही करायचं राहून गेलं असं ज्यांना वाटतं, ते त्र्यंबकला येतात. नारायण नागबळी, त्रिपिंडी श्राद्ध, पिंडदान, असं सगळं इथे बारमाही चालतं. आणि ज्याला आपण महामृत्युंजय म्हणतो, तो ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला मंत्र याच देवाच्या नावाने सुरू होतो. घरात कुणी आजारी पडलं की तो कानावर पडायचा, पण अर्थाकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. त्यात मरण येऊच नये असं मागणं नाही. काकडी पिकली की जशी देठापासून आपोआप सुटते, तसं मला मरणापासून सोडव, एवढंच मागणं आहे. पिकण्याआधी खुडू नको, हा त्यातला गाभा. ही काकडी पुढे दोन दिवसांनी माझ्या हातात येणार होती.

गाव सुटलं की ब्रह्मगिरी मागे राहतो आणि रस्ता तोरंगण घाटाने उतरायला लागतो. या डोंगरांच्या पाठीवर पाण्याची वाटणी होते. गोदावरी पूर्वेला निघते आणि पार आंध्रच्या किनाऱ्याला जाऊन समुद्राला मिळते. याच डोंगरांच्या पश्चिम अंगाला दुसरी नदी उगम पावते, दीडशे किलोमीटरच्या आसपास धावून अरबी समुद्र गाठते. तिचं नाव वैतरणा. पुराणातली वैतरणी म्हणजे यमाच्या नगरीच्या वेशीवरची नदी. मेल्यावर ती ओलांडावी लागते, म्हणून मरणाऱ्याच्या हातून गाय दान करवतात आणि त्या गाईचं शेपूट धरून तो पार होतो अशी समजूत. आता गाईऐवजी दक्षिणा देतात, पण संकल्पात नदीचं नाव तेच राहिलं आहे. ओडिशातही एक वैतरणी आहे आणि महाभारतातली तीर्थयात्रा त्या वैतरणीवरून जाते. आपल्या वैतरणेला हे नाव कुणी दिलं असेल ते असो. मला एवढंच दिसत होतं की पलीकडच्या उतारावर गोदावरीच्या पाण्यात पिंड सोडायचे आणि अलीकडच्या उतारावर वैतरणा वाहायची, दोन्ही एकाच डोंगराची लेकरं.

घाट उतरल्यावर दोन्ही बाजूंना पिवळं रान लागलं. खुरासणी फुलली होती. वरच्या उतारांवर नागली आणि वरई कापणीला आलेली, खालच्या खाचरांत हळवं भात कापून आडवं पडलेलं. मोखाडा तालुक्यातली शंभरातली नव्वदहून जास्त माणसं आदिवासी आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला, त्याआधी हे ठाण्यात मोडत असे. त्याच्याही आधी जवळजवळ सहाशे वर्षं या मुलखावर जव्हारच्या मुकणे घराण्याचं राज्य होतं. महादेव कोळ्यांचं हे संस्थान 1948 साली विलीन झालं. मोखाड्याला उतरून पोशेऱ्याकडे जाणारी जीप धरली. गडूवाले भाऊ त्याच गाडीने पुढे जव्हारला गेले.

मावशींना पहिल्याच दिवशी विचारलं, इकडे यमाचं कुठे ठाणं आहे का. त्या नागलीची कणसं झोडपत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, ‘त्याचं नाय. वाघाचं हाय, शिवेवर.’

संध्याकाळी शिवेवर गेलो. या मुलखात वाघोबा दगडावर किंवा लाकडी फळीवर कोरलेला असतो. वाघाची आकृती, वर सूर्य आणि चंद्र, आणि वर्षानुवर्षांच्या शेंदराचे थर. वारल्यांच्या वाघोबावर काही संशोधकांनी अलीकडेच काम केलं आणि त्यांनी दीडशेच्या आसपास ठाणी नोंदवली. पोशेऱ्याच्या शिवेवरच्या दगडातल्या वाघाचे नाकडोळे शेंदराखाली बुजून गेले होते. गुराखी पोरं आली, नारळ फुटला, कोंबडी दिली गेली, नव्या भाताच्या पिठाचं काही शिजवून पानावर ठेवलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दगडाशी मोठ्याने बोलणं केलं. गुरं तुझ्या रानात चरतात, माणसं तुझ्या वाटेने जातात, तुझा वाटा तुला दिला, आता आमच्या वाट्याला जाऊ नको, असा त्याचा आशय. हात जोडून मागणं नव्हतं ते. दोन बाजूंनी पाळायचा करार होता. न्यायाची कल्पना मला तिथे आधी भेटली आणि यम नंतर. तुला जे द्यायचं ते आम्ही देतो, तू ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लावायच्या दिव्यातही शब्द बदलून हेच मागायचं असतं.

यमाची मोठी देवळं महाराष्ट्रात नाहीत. तो आपल्याकडे दिसतो तो दुसऱ्यांच्या देवळात, दक्षिणेचा दिक्पाल म्हणून, रेड्यावर बसलेला. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात आठ दिक्पाल आहेत, त्यांत तो आहे. वेरुळच्या पंधराव्या, दशावतार लेण्यात तो हरलेला दिसतो. मार्कंडेय पिंडीला मिठी मारून बसला आहे, शंकर पिंडीतून बाहेर येऊन यमाला लाथ मारतो आहे. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा देवाचा मोठा मंदिरसमूह आहे. त्यात मार्कंडेयाबरोबर यमधर्माच्या नावाचंही एक देऊळ आहे. ज्याने मुलाला न्यायला यावं आणि ज्या मुलाने नकार द्यावा, ते दोघे शेजारी. आणि ऋग्वेदापर्यंत मागे गेलं तर तिथे यम फासही टाकत नाही आणि शिक्षाही करत नाही. तो विवस्वानाचा मुलगा, मेलेला पहिला माणूस. त्याने पलीकडची वाट शोधली आणि मागून येणाऱ्यांना तो तिथे भेटतो. माझ्या आजीने नाव टाळलेला यम आणि हा वाट दाखवणारा यम यांच्यात केवढं अंतर आहे.

तेरसेच्या सकाळी मावशींच्या सुनेबरोबर अंगणवाडीत गेलो. तिचं धाकटं मूल तेव्हा दीड वर्षाचं होतं. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता, सेविका घाईत होत्या. भिंतीला वजनकाटा टांगलेला आणि टेबलावर एक अरुंद प्लॅस्टिकची पट्टी. ही दंडघेर मोजायची पट्टी. मुलाच्या डाव्या दंडाचा मध्य बोटाने ठरवायचा, पट्टी भोवती फिरवून टोक खाचेतून ओढायचं, घट्ट नाही आणि सैलही नाही, आणि खिडकीत आलेला आकडा वाचायचा. पट्टीवर तीन रंग आहेत. साडेबारा सेंटीमीटरच्या वर हिरवा. साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्याला अंगणवाडीत ‘मॅम’ म्हणतात, म्हणजे मध्यम कुपोषित. साडेअकराच्या आत लाल, तो ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित. हिरवा आणि लाल यांच्यात एक सेंटीमीटर, करंगळीच्या पेराइतकंही नाही. आमच्या मुलाचा आकडा पिवळ्यात आला. त्याच्या आईने तो सेविकांच्या आधी वाचला. तिने काही विचारलं नाही. सेविकांनी जाड वहीत नोंद केली आणि म्हणाल्या, ‘अंडं चुकवू नको गं.’

2015 च्या अखेरीपासून आदिवासी भागात अमृत आहार योजना सुरू आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण, आणि पुढच्या वर्षापासून लहान मुलांना अंडी किंवा केळी. ही योजना कुणाच्या सहज मनात आली म्हणून झाली नाही. 1992-93 साली शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभराहून जास्त मुलं कुपोषणाने दगावली आणि या डोंगरांचं नाव पहिल्यांदा सगळ्या महाराष्ट्राच्या कानी गेलं. 2016 साली मोखाड्यातल्या बालमृत्यूंवरून ते पुन्हा गाजलं. मधल्या वर्षांत योजना आल्या, अधिकारी आले, पथकं आली, आणि खूप माणसांनी मनापासून काम केलं. तरी पट्टीवरचा लाल रंग अजून लागतो.

त्या जाड वहीकडे पाहताना मला चित्रगुप्ताची आठवण झाली नसती तरच नवल. पण चित्रगुप्ताच्या वहीत माणसाने काय केलं ते लिहितात. या वहीत मुलाला काय मिळालं ते लिहिलेलं असतं. दीड वर्षाच्या मुलाच्या खात्यावर दुसरं काही असूच शकत नाही.

यमाला न्यायाची देवता म्हणतात, धर्मराज म्हणतात. महाभारताच्या आदिपर्वात त्याच धर्मराजाला एका ऋषीने दोषी ठरवल्याची गोष्ट आहे. मांडव्य ऋषींच्या आश्रमात चोर लपले, राजाच्या माणसांनी ऋषींनाच चोर समजून सुळावर दिलं. पुढे मांडव्य यमाकडे गेले आणि विचारलं, कोणत्या पापाचं हे फळ. यम म्हणाला, लहानपणी तुम्ही किड्यांच्या शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्या, त्याचं. मांडव्यांनी त्याला शाप दिला, कारण अजाण मुलाच्या कृत्याला एवढी मोठी शिक्षा हा न्याय नव्हे. त्यांनी नियमच घालून दिला की चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला पाप लागणार नाही. त्या शापाने यम दासीच्या पोटी जन्माला आला, तो विदुर. न्याय चुकला म्हणून न्यायदेवतेला माणसाचा जन्म घेऊन राजवाड्यात दुय्यम जागी बसावं लागलं, आणि तिथेही भर सभेत तो खरंच बोलत राहिला. आजचा भारतीय कायदा सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा मानत नाही. मुलाला वेगळ्या मापाने मोजावं, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे.

दुसरी गोष्ट कठोपनिषदातली. नचिकेत यमाच्या दारात पोचतो तेव्हा यम घरी नसतो. मुलगा तीन रात्री उपाशी बसून राहतो. यम परत आल्यावर आधी त्याची क्षमा मागतो आणि तीन उपाशी रात्रींबद्दल तीन वर देतो. आत्मा, श्रेयस आणि प्रेयस, अमरत्व हे सगळं तत्त्वज्ञान त्यानंतरचं आहे. सुरुवात होते ती एक मूल आपल्या दारात उपाशी राहिलं याची लाज वाटण्यापासून, आणि ती लाज साक्षात यमाला वाटते. उपनिषद शिकवणारे बहुतेक जण या भागावरून लवकर पुढे जातात. मला हाच भाग महत्त्वाचा वाटतो, आणि तो मोखाड्यात बसून वाचायला हवा.

संध्याकाळी दिवा करायला बसलो. घरात गव्हाचं पीठ नव्हतं. मावशींनी नागलीचं पीठ काढून दिलं. नागलीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. दिव्याची वाटी वळली की कडेला चिरा पडतात. दोनदा मोडला. मग त्यांनी पीठ माझ्या हातातून घेतलं, कोमट पाणी घालून पुन्हा मळलं, भाकरी थापावी तसं तळहातावर थापलं आणि अंगठ्याने मध्ये खळगा केला. तांबूस काळसर, जाड बुडाचा दिवा झाला. त्यात खुरासणीचं तेल आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीची वात. अंगणाच्या कडेला, शेणाने सारवलेल्या जागी ठेवला. दक्षिण कुठली ते मावशींना विचारावं लागलं नाही. त्या दिशेला पाय करून कुणी झोपत नाही, हे घरच्या अंथरुणांवरूनच कळत होतं.

त्यांच्या घरी हा दिवा लावायची रीत नाही. त्यांनी मला विचारलं, ‘याच्यानं काय होतं?’ मी व्रतकथा सांगितली. यमाने एकदा आपल्या दूतांना विचारलं, माणसांचे प्राण आणताना तुम्हांला कधी दया आली का. दूत आधी घाबरून नाही म्हणाले. मग त्यांनी कबूल केलं. एका राजपुत्राला लग्नानंतर चौथ्या दिवशी न्यावं लागलं तेव्हा घरातला आक्रोश ऐकून आमचाही जीव हलला, असं अकाली मरण टळायला काही उपाय नाही का. तेव्हा यमाने उपाय सांगितला, तो हा त्रयोदशीचा दिवा. म्हणजे मरण टाळण्यासाठी हा दिवा नाही. शास्त्रात शब्द आहे अपमृत्यू. वेळेआधी आलेलं मरण. तेवढं टळावं.

मावशी बराच वेळ दिव्याकडे पाहत राहिल्या. त्यांची सात बाळंतपणं झाली होती आणि चार मुलं हयात आहेत. ते त्यांनी मला नंतर, जेवताना, भाकरी वाढता वाढता सांगितलं. तिघांची वयं सांगितली, नावं नाही.

चतुर्दशीला पहाटे उटणं, ऊन पाणी, अंघोळ. कोकणात या दिवशी अंघोळीनंतर तुळशीपुढे कारीट ठेवून डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडतात, नरकासुर मेला म्हणून. कारीट म्हणजे रानातली कडू काकडीच. मी ओट्यावर दक्षिणेला तोंड करून तीळ घातलेल्या पाण्याने यमतर्पण केलं. त्यात यमाची चौदा नावं घेतात: यम, धर्मराज, मृत्यू, अंतक, वैवस्वत, काल, सर्वभूतक्षय, औदुंबर, दध्न, नील, परमेष्ठी, वृकोदर, चित्र, चित्रगुप्त. वडील हयात असलेल्यानेही हे तर्पण करावं असं सांगितलं आहे. यमाला पाणी दिल्याने आईबापाला अशुभ होत नाही, ही त्यातली खूण. नाव घ्यायला घाबरणाऱ्या आपल्या घरांनी हे ध्यानात घ्यावं असं मला वाटतं. वर्षातून एकदा त्याची चौदाही नावं मोठ्याने घ्यायची सोय जुन्या माणसांनी करून ठेवली आहे. वळचणीला एक कावळा बसला होता. उत्तर रामायणात कथा आहे की मरुत्त राजाच्या यज्ञात रावण आला तेव्हा देव प्राण्यांची रूपं घेऊन लपले. यम कावळा झाला. रावण गेल्यावर त्याने कावळ्याला वर दिला की तू जेवलास की माझ्या लोकातले पितर तृप्त होतील. दहाव्याला घाटावर आपण ज्याची वाट पाहत ताटकळतो, त्याला तो मान यमाकडून मिळालेला आहे.

अंघोळी आटोपल्यावर मावशी घराच्या मागे गेल्या. काकडीचा वेल पावसाळ्यात छपरावर चढवलेला होता, आता त्याची पानं वाळून तपकिरी झाली होती. एक काकडी शिल्लक ठेवली होती, हातभर लांब, पिवळी तांबूस, सालीवर बारीक जाळी आलेली. मी वर हात घालून ओढायला गेलो. ‘ओढू नको,’ मावशी म्हणाल्या. त्यांनी काकडीच्या खाली तळहात धरला आणि दुसऱ्या हाताने नुसती जरा उचलली. देठ सुटला. वेलीला हिसका बसला नाही, पान हललं नाही. सुटलेल्या जागी वर्तुळाकार कोरडा डाग होता, चीक आला नाही. मग त्यांनी शेजारची एक कोवळी, उशिरा धरलेली काकडी दाखवली. ती खुडून पाहिली असती तर वेल फाटला असता आणि देठातून पाणी गळलं असतं. ‘कवळी वढली त रडते,’ एवढंच त्या म्हणाल्या. पिकलेल्या काकडीचं बी त्यांनी राखेत घोळून पुढच्या पावसासाठी ठेवलं. गर किसून तांदळाच्या पिठात कालवला आणि पानात घालून उकडला. गोडसर, जरा मातकट चव. सातव्या मंडलातला तो मंत्र रचणाऱ्याने असाच एखादा वेल उतरवताना पाहिला असणार, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही.

पाडव्याच्या दिवशी एक पिकअप पाड्यावर येऊन गेला. चालकाने चार घरांत बोलणी केली. दिवाळी झाली की या भागातली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. वसई, भिवंडी, ठाणे, त्याच्याही पुढे. पावसाळ्यात अडचणीला घेतलेली उचल भट्टीवर राबून फेडायची असते. शेत डोंगरउताराचं, पीक एकच, पावसाचं. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि फेब्रुवारी उलटला की टँकर सुरू होतात. याच तालुक्यात कोचाळे इथे वैतरणेवर मध्य वैतरणा धरण उभं आहे, एकशे दोन मीटर उंच, 2014 साली लोकार्पण झालेलं. तिथून मुंबईला रोज 455 दशलक्ष लिटर पाणी मिळतं. मुंबईच्या घरात मी नळ सोडतो तेव्हा त्यात या तालुक्याचं पाणी असतं. हे मला इथे येईपर्यंत माहीत होतं, पण जाणवलं नव्हतं. धर्मराजाच्या न्यायाची चर्चा करताना हे पाणी मोजायला हवं. ते मोजल्याशिवाय पाड्यावरच्या मरणांना नशीब किंवा त्याचा हिशेब म्हणायचा आपल्याला अधिकार नाही.

भाऊबीजेला मावशींचा भाऊ आला. यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे, वर्षातून एक दिवस जेवायला येतो आणि त्या दिवशी नरकातल्यांनाही सुट्टी देतो, अशी यमद्वितीयेची कथा. मावशींनी भावाला ओवाळलं, भात आणि काकडीचे उकडलेले पानगे वाढले. भाऊ सत्तरीचा, बहीण त्याच्याहून थोरली. दोघं फार बोलली नाहीत. जाताना त्याने तिच्या हातावर पन्नासची नोट ठेवली आणि तिने ती लगेच नातवाच्या मुठीत दिली.

मी परतीला खोडाळ्यावरून कसाऱ्याची वाट धरली. आमच्या जीपपुढे एक पिकअप होता. मागच्या हौद्यात पातेली, ताडपत्रीचं भेंडोळं, पाय बांधलेल्या तीन कोंबड्या, पिठाचं पोतं, आणि सामानाच्या खाचेत बसलेली माणसं. मावशींची सून त्यांत होती. मूल तिच्या मांडीवर झोपलं होतं, डोक्यावर पदर धरलेला. खोडाळा मागे पडला आणि विहीगावच्या आधी वैतरणेचा उंच पूल आला. खाली धरणाचं पाणी दोन्ही डोंगरांमध्ये भरलेलं, हिरवं, स्थिर. पुलावर वारा फार होता. तिने पदर मुलाच्या अंगावर घट्ट ओढला. मूल जागं झालं नाही. पिकअप पुलावरून पलीकडे गेला, त्याच्यामागून आमची जीप.

भट्टीचं काम मे महिन्यात संपतं. पहिल्या पावसाच्या आधी ही कुटुंबं पाड्यावर परत येतात, आणि आल्यावर अंगणवाडीत मुलांचे दंड पुन्हा मोजले जातात.